तीन नंबरची कॉइल

तेजरामचा राग चढायला लागला की शेजारचा चहावाला आधी रेडिओ बंद करायचा. तिकीट न काढता बघायला मिळावा असा तेवढाच एक खेळ भिलाईतल्या सुपेल्याच्या त्या रस्त्यावर उरला होता, आणि त्यातला एकही शब्द हुकू नये असं त्याला वाटे.

सुरुवात ठरलेली असे. तेजराम हातातला पाना हळूच खाली ठेवी, फडक्याला हात पुशी, मान वर करी, आणि मग पहिलं वाक्य असं सुटे की पलीकडचा टायरवाला हवा भरायचा थांबे. गिऱ्हाइकाशी तो हिंदी बोले, ट्रकच्या क्लीनरशी छत्तीसगढी. राग मात्र त्याने घरच्या बोलीसाठी राखून ठेवला होता. ज्याच्यावर तो बरसे त्याला त्यातलं निम्मं कळत नसे, त्यामुळे भांडण मारामारीपर्यंत जात नसे. बायको मनकर्णा म्हणायची, "तुमचं तोंड म्हणजे प्लांटचा भोंगा. लोकं त्याच्यावर घड्याळ लावतात, घाबरत कोणी नाई."

बाप विदर्भातल्या साकोलीकडचा. धानाची शेती भावांवर सोडून भिलाईच्या पोलाद प्लांटात आला, कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर लागला, आणि रिटायर होईपर्यंत त्याच्या उशीला धुराचा वास येत राहिला. तेजराम मोठा झाला तोवर बापाच्या मागे पोराला आत घ्यायचे दिवस संपले होते. सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सुटलं. बरोबरीचे दोस्त छातीला गेट पास लावून आत जात, आणि हा पॉवर हाउस भागातल्या एका गॅरेजात डिझेलच्या परातीत गिअर घासत बसे. तिथला उस्ताद काही चुकलं की पाना फेकून मारायचा. एक पाना तेजरामच्या भुवईवर बसला. त्या जागी अजून केस उगवत नाहीत. त्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं, आपलं गॅरेज होईल तेव्हा हत्यार फेकायचं नाही, शब्द फेकायचे. हे त्याने आयुष्यभर इमानाने पाळलं. त्याच्या हाताखाली शिकलेले लोक आज दुर्ग-रायपुरात स्वतःची शटरं उघडून बसले आहेत. दिवाळीला मिठाई घेऊन येतात तेव्हा आपापल्या वाट्याच्या शिव्या त्याच्याच आवाजात म्हणून दाखवतात, आणि तेजराम मोठ्याने हसतो. असा तो माणूस.

त्याची एकुलती एक लेक रेणू. तिच्यावर मात्र तो कधी ओरडला नव्हता. त्या वर्षीच्या विश्वकर्मा पूजेपर्यंत, यंत्रांच्या पूजेच्या त्या दिवसापर्यंत तरी नाही.

रेणू दिलेली स्मृति नगरात. नवरा कमलेश प्लांटात शिफ्टला, सासरे रामाजी प्लांटाच्या रेल मिलमधून, रेल्वेचे रूळ बनतात तिथून, रिटायर झालेले. रेणू एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायची. बहुतेक घरं चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली, म्हातारी माणसं, साखरेचे आजारी. सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचं, थंड पेटीत ठेवायचं, वेळेत लॅबला पोचवायचं. त्यासाठी कमलेशने एक जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि चावी तिच्या हातात दिली. घरातल्या कुठल्याही बाईच्या हातात गाडीची चावी यायची ती पहिलीच वेळ. रामाजींनी तेव्हा काही म्हटलं नाही, पण चावी टांगायचा खिळा त्यांनी आपल्या खुर्चीच्या वर ठोकला.

पूजेनंतर थोड्याच दिवसांनी ती गाडी आचके देत गॅरेजात आली. चढाला दम सोडायची, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकायचा. रेणू ट्रकांच्या गर्दीतून तशीच चालवत आली होती. तिला उतरताना पाहून तेजराम आधी घाबरला, आणि त्याच्या आतलं सगळं तोंडावाटे रागाच्याच वेशात बाहेर पडत असे. पाना खाली गेला. मान वर झाली.

"हाफ क्लचवर पाय ठेवून चालवून राहिली असशील! गाडी काय बैल आहे, पराणी टोचली का पळन? इंजिनाचं वाटोळं केलं पोट्टीनं!"

टायरवाला थांबला. चहावाल्याचा रेडिओ बंद. आणि रेणूच्या मागोमाग मोटारसायकलवर आलेले रामाजी, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, हे सगळं शांतपणे ऐकत उभे.

क्लचचा या दुखण्याशी काही संबंध नाही हे तेजरामला बोलतानाच माहीत होतं. त्याने बोनेट उघडलं, इंजिनाच्या माथ्यावरच्या कुंकवाच्या टिळ्याला बोट लावून कपाळाला लावलं, आणि मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर लावला. तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग. म्हणजे चारांतला तिसरा कामाला येतो, हजेरी लावतो आणि नुसता बसून राहतो. आताच्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र कॉइल असते. बॅटरीचा एवढासा करंट ती हजारो व्होल्टचा करून खालच्या प्लगमध्ये फेकते, प्लगच्या टोकाला ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. ठिणगी नाही तर जोर नाही. तेजरामने तीन नंबरची कॉइल ओढून काढली, नवी खटकन बसवली. गाडी सुतासारखी सरळ झाली. रेणू "जाते बाबा" एवढंच म्हणून गेली. एरवी ती जाताना त्याच्या कळकट खांद्यावर हात ठेवायची.

पंधरवडाभरात गाडी परत. तीच तीन नंबरची. आता तेजरामला राग काढायला माणूस सापडला होता. तो कॉइल घेऊन पार्टवाल्या भय्याजीच्या दुकानात शिरला आणि ती काउंटरवर ठेवून गरजला, "डुप्लिकेट माल विकून राहिले तुमी! माझ्या पोरीच्या गाडीत!"

भय्याजी शांत माणूस. म्हणाले, "तेजराम, डब्यावर सील तूच तोडलं. याच लॉटच्या दुसऱ्याइच्या गाड्या चालून राहिल्या. तुझीच कावून मरते?"

"कावून मरते ते तुमाले माईत!"

भय्याजींनी दुसऱ्या कंपनीची कॉइल दिली. तेजरामने जुनी ओढली, नवी खटकन बसवली, आणि संध्याकाळपर्यंत दिसेल त्याला भय्याजीची कीर्ती ऐकवली.

तिसऱ्या वेळी गाडी आपल्या चाकांवर आलीच नाही. हायवेच्या पुलावर, ऐन चढाला, पुढे-मागे ट्रक, आणि गाडी बंद. रेणू थंड पेटी पोटाशी धरून कठड्याला चिकटून उभी राहिली. पेटीतले नमुने तापले. रेल्वे कॉलनीतल्या म्हाताऱ्यांना पुन्हा सुया टोचून घ्याव्या लागणार होत्या, आणि लॅबमधून फोनवर जे ऐकायला मिळालं ते तिने कोणाला सांगितलं नाही. रामाजींनी दोरी बांधून गाडी ओढत आणवली.

"घ्या इवाई," ते आपल्या व्याह्याला म्हणाले, "तुमची लेक आणि तुमची कारागिरी, दोनी दोरीनं बांधून आणली."

पाना खाली गेला.

"थांबा," रामाजी म्हणाले. "मी ओरडाले नाई आलो, आणि ऐकालेबी नाई. रविवारी आमचा मिलचा दोस्त हिरालाल येऊन राहिला. गाडी त्याले देऊन टाकतो. सून लॅबात बसून जमते ते करन, नाई त घरी राहन. ट्रकाइच्या मधात उभी होती बाई. काई कमीजास्त झालं असतं त?"

"खराबी गाडीत आहे इवाई. तिच्यात नाई."

रामाजींनी पेन खिशात सरळ केलं. "तुमीच त म्हणलं होतं, हाफ क्लच. अख्ख्या रस्त्याच्या समोर. मी सासरा असून म्हणलं नाई. बाप म्हणते त आमी मानलं."

तेजरामने पाना परत उचलला. चहावाल्याने वाट पाहून रेडिओ पुन्हा लावला.

शनिवारी रेणू एकटी गॅरेजात आली, लाकडी स्टूल ओढून गाडीसमोर बसली. तिचाही राग बापाचाच होता, पण तो आवाजात चढत नसे, खाली उतरत जाई. आता तो जवळजवळ कुजबुजीपर्यंत आला होता.

"उघडा बोनेट. मी काय चुकवून राहिली ते दाखवा."

"त्या भय्याजीच्या—"

"भय्याजीचं मंग. तुमी दोनी वेळा पाहिलंच नाई बाबा. ओढली, टाकली, शिव्या देल्या. दुसऱ्या कोणाची गाडी असती त अशी केली असती?"

नसती केली. हे त्याला लागलं, आणि लागलं म्हणून आणखी राग आला, आणि तो राग कोणावर काढायचा ते कळेना. तो मुकाट्याने कामाला लागला. एक नंबरची कॉइल चांगली होती, कधी न बिघडलेली. ती काढून त्याने तीन नंबरवर बसवली आणि इंजिन चालू केलं. दोष कॉइलचा असता तर आता तीन नंबरने चालायला हवं होतं. स्कॅनर म्हणाला, मिसिंग, तीन नंबर.

"म्हणजे?" रेणूने विचारलं.

"म्हणजे कॉइल मरून नाई राहिली," तेजराम सावकाश म्हणाला. "तिथं बसते तिले कोणीतरी मारून राहिलं."

"खाली काय राहते तिच्या?"

"प्लग. पण प्लग मीच टाकले आहेत, मागच्या दिवाळीत. त्याइले काय धाड भरली?"

रेणूने टॉर्च त्याच्यापुढे धरला. तेजरामने इंजिन थंड होऊ दिलं, प्लगच्या खोल नळीत हवा मारली, आणि हवेबरोबर काळ्या मुंग्या बाहेर उडाल्या. मेलेल्या, वाळलेल्या, मूठभर. त्याने टॉर्च लावला. नळीच्या तळाशी, कडेकडेने, तपकिरी चिकट थर. काडीला फडकं गुंडाळून आत फिरवलं तर ते गुळाच्या भांड्यातून काढल्यासारखं निघालं. मग त्याने स्वतःच्या हाताने बसवलेला तो प्लग काढला. चिनी मातीचा पांढरा भाग, आणि त्याच्यावर वरपासून खालपर्यंत बारीक काळी रेघ, पेन्सिलीने ओढावी तशी. त्याने तीन नंबरवरून काढलेल्या कॉइलचं रबर उलटून पाहिलं. आतल्या अंगाला तशीच रेघ, जोडीला जोड.

पावसाचं पाणी शिरलं असतं तर इंजिनाच्या तापाने उडून गेलं असतं. हे गोड पाणी होतं. पाणी उडालं, साखर आणि क्षार मागे राहिले, जळले, आणि करंटला बाहेरच्या बाहेर उतरायला जिना मिळाला. ठिणगी प्लगच्या टोकाशी पडायच्या ऐवजी या रेघेवरून लोखंडात जाऊन मरत होती. नवी कॉइल आली की काही दिवस जोर करून चाले, मग तिच्याही रबरावर तीच रेघ उमटे. आता तर प्लगवरची रेघ इतकी पक्की झाली होती की एक नंबरची चांगली कॉइलही लगेच हरली. तेजरामने प्लग एकदा काढून पाहिला असता तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

त्याच कॉइलच्या बुडाशी नारळाच्या शेंडीचा एक धागा अडकला होता.

"पूजा मामाजींनी केली होती," रेणू आपल्या सासऱ्यांबद्दल हळू म्हणाली. "मी ड्यूटीवर होती. आली त म्हणे, यंदा वरवर नाई केली, आतल्या मशीनची केली. वरचं झाकण काढून. देवाले प्लास्टिक कायले दाखवाचं म्हणे. नारळ फोडला आणि पाणी मशीनवर वाहिलं."

तेजरामलाही मग तो टिळा आठवला. आपण त्याला बोट लावून कपाळाला लावलं होतं. भिलाईत वाढलेल्या माणसाला कुंकू लावलेली मशीन दिसली की हात आपोआप जोडले जातात, आणि जोडलेल्या हातांनी कोणी तपासणी करत नाही.

पण हा विचार क्षणभरच टिकला. पुढच्या क्षणी तो ज्वालामुखीसारखा उसळला. "याइनं पाणी ओतलं! आणि माझ्या पोट्टीच्या नावानं बोंबा! चाल आता, आताच्या आता चाल! अख्ख्या स्मृति नगराले सांगतो तुह्या सासऱ्यानं काय केलं ते! आणि वर पेन लावून फिरते भैताड!"

तेवढ्यात मनकर्णा डबा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं आणि डबा बाकावर आपटला. "सांगजा. जरूर सांगजा. तुमी भोंगा वाजवून घरी यासाल. तिथं राहाचं कोणाले आहे? तिलेच ना?"

"मंग का चूप बसू?"

"मले विचारा ना," रेणू म्हणाली. दोघंही थांबली. "मले मामाजींची माफी नाई पायजे. चाबी पायजे. ते कसं होईल ते पाहा." मग ती उठली, स्टूल जागेवर ठेवलं. "आणि तुमी म्हणलं होतं त्याचं काय? रस्त्यावर म्हणलं होतं ना? पूजा त्याइनं केली. हाफ क्लच कोणाचा?"

ती निघून गेली. मनकर्णाने भाकरी वाढली. तेजराम जेवला नाही.

दुपारी तो भय्याजींच्या दुकानात गेला आणि दारातूनच ओरडला, "माल चांगला होता तुमचा! मी गधा आहे!" आवाज असा होता की भय्याजींना वाटलं भांडणच आहे, ते काउंटरच्या मागे सरकले. अर्थ कळल्यावर त्यांनी नवी कॉइल आणि चार नवे प्लग पुढे केले आणि म्हणाले, "बाप्पा, यापेक्षा तुझ्या शिव्या बऱ्या. सवय आहे." तेजरामने नळी चकचकीत होईपर्यंत पुसली, चारही प्लग बदलले, कॉइल बसवली. मग नंदिनी रोडवर गाडी मुद्दाम वरच्या गिअरमध्ये हळू घेऊन पेडल तळापर्यंत दाबलं. हीच जागा असते, जिथे आजारी कॉइल खोकते. गाडी खोकली नाही.

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन स्मृति नगरात पोचला तेव्हा व्हरांड्यात रामाजी आणि हिरालाल चहा पीत बसले होते. हिरालाल मिलमध्ये क्रेन चालवायचे. हाडाचे छत्तीसगढी, तोंडात गुडाखू, तंबाखूची ओली मिश्री. चावीचा खिळा रिकामा होता, कारण चावी तेजरामच्या मुठीत होती. आत दारापाशी रेणू पेटीत बर्फ भरत होती. कमलेश रात्रपाळी करून झोपला होता. तो पुढच्या सगळ्या प्रसंगातही उठला नाही, पण त्याला दोष देऊ नये, भट्टीजवळ झोप शिकलेली माणसं तशीच झोपतात.

"या इवाई," रामाजी म्हणाले. "दुरुस्त झाली त चांगलंच आहे. हिरालालले चांगली वस्तू भेटन."

रात्रभर तेजरामने संवाद पाठ केला होता. काय बोलायचं, कुठे थांबायचं, कोणत्या शब्दाला पाऊल पुढे टाकायचं. शेजारच्या गच्च्यांवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका होत्या, समोरच्या घरी पेपर वाचणारा माणूस होता. असा भरलेला तंबू पुन्हा मिळाला नसता. त्याने खोल श्वास घेतला, मान वर केली, आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"मी चुकलो!"

कपडे वाळत घालणाऱ्या बायका वळल्या.

"मी म्हणलं होतं हाफ क्लच! भर रस्त्यावर! झूठ होतं ते! माझी पोरगी एक नंबर गाडी चालवते! प्लग मी टाकले होते म्हणून मी पाहिले नाई, माझी अक्कल गहाण पडली होती! ऐकून राहिले ना सगळे? तेजराम मिस्त्री चुकला! रेणू नाई चुकली!"

माफी मागताना कोणी अशी शिवी घातल्यासारखी मागत नाही. पण त्याच्याजवळ दुसरा आवाजच नव्हता. कपाळाची शीर फुगली होती. पेटीत बर्फ टाकणारा रेणूचा हात थांबला.

रामाजी उठून उभे राहिले. "मंग खराबी होती काय?"

"नारळाचं पाणी," तेजराम म्हणाला. हे त्याने हळू म्हटलं; मनकर्णाच्या डब्याचा आवाज कानात होता. "इंजिनावर वाहिलं ते कॉइलच्या खाली उतरलं."

"म्हणजे पूजा चुकली?" आता रामाजींचा आवाज गच्चीपर्यंत गेला. इस्त्रीच्या सदऱ्यात तो इतकी वर्षं कुठे लपून होता कोणास ठाऊक. "जिंदगीभर मिलच्या स्टँडवर, रूळ लाटते त्या मशीनवर, नारळ फोडला मी! एक मशीन नाई बंद पडली! देवाचं पाणी कधी मशीन बिघडवत नाई!"

"देवाचं नाव मंधात नका आणू! स्टँड लोखंडाचा राहते इवाई, त्याच्यावर नदी सोडा! करंटच्या पॅनलवर वाहिलं होतं का कधी नारळाचं पाणी? सांगा ना, वाहिलं होतं?"

रामाजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण उत्तर हिरालालकडून आलं. ते गुडाखू थुंकून निवांत म्हणाले, "अरे रामाजी, वो ठेके वाला लड़का भूल गए का? पूजा के दिन पैनल के ऊपर लोटा रख दिया था. तूने पूरी मिल के सामने उसको क्या-क्या बोला रहा. बेचारा दो शिफ्ट रोया."

रामाजींनी खिशातलं पेन काढलं, पाहिलं, परत ठेवलं. कान लाल झाले होते.

"मैं नई लेता ये गाड़ी," हिरालाल चप्पल घालत म्हणाले. "इसमें बहुत हल्ला है भाई. बहू चलाए."

"बहू कावून चालवन?" रामाजी हट्टाने म्हणाले. हरलेल्या माणसाला शेवटची एक पायरी हवी असते, तिथून पडलो असं दिसू नये म्हणून. "पुलावर बंद पडली होती. पुलावर चढवून दाखवा. चालवन ती. मी बसतो बाजूला. मंग पाहू."

"मी मागं बसतो!" तेजराम गरजला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

रेणूने त्याच्या मुठीतून चावी घेतली, पेटी मागच्या सीटवर बापाच्या मांडीला लावून ठेवली आणि गाडी काढली.

हायवेला लागेपर्यंत ठीक होतं. पुलाचा चढ सुरू झाला तसे दोन्ही म्हातारे सुरू झाले.

"डावीकडं राह्य," रामाजी म्हणाले. "ट्रक येऊन राहिला."

"डावीकडं नको, मोटारसायकली आहेत तिकडं! सरळ चाल! दुसरा टाक!"

"दुसरा कायले? तिसऱ्यात चढते."

"इवाई, मिस्त्री तुमी का मी?"

"सून माझी आहे!"

"पोरगी माझी आहे! रेणू, पेडल दाब, घाबरू नको, दाब!"

"हळू! हळू चालव बाई!"

गाडी चढत होती. एक आचका नाही, पिवळा दिवा नाही, इंजिनाचा सूर एकसारखा. हे ज्यांना ऐकायचं होतं त्या दोघांनाही एकमेकांच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं. पूल चढून गाडी माथ्यावर पोचली तेव्हा रेणूने चारही दिवे लुकलुकते लावले, गाडी कठड्याला घेतली आणि थांबवली.

"झालं?" रामाजी दचकले. "बंद पडली?"

"नाई पडली. चालू आहे. उतरा मामाजी."

"इथं?"

"इथं. बाबा, तुमीबी."

"मी काय केलं?" तेजरामचा आवाज पुन्हा वर जायला लागला.

रेणू मागे वळली. तिचा आवाज आता इतका खाली होता की दोघांना तो ऐकायला वाकावं लागलं. "चरोद्यात माणसं पहाटेपासून उपाशी बसली आहेत. त्याईले चक्कर येते. तुमाले मी चांगली चालवते का नाई ते ठरवाचं आहे, त इथं उभं राहून ठरवा. मले वेळ नाई."

दोघे उतरले. दार नीट लागलं नाही म्हणून तेजरामला ते पुन्हा लावावं लागलं. गाडी गर्दीत शिरली, पलीकडच्या उतारावर चढत्या सुरात गेली. तेजरामने कान दिला. आता तो ऐकू शकत होता. चारही सिलिंडर, एक सुटत नव्हता.

"तिसरा गिअर उशिरा टाकला," तो पुटपुटला.

"टाकला ना पण," रामाजी म्हणाले. चावी आता खिळ्यावर परत येणार नाही हे त्यांना कळलं होतं, आणि ते बोलून दाखवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी कठड्याला हात टेकून उताराकडे पाहिलं. ऊन चढलं होतं. घर लांब होतं, आणि त्यांचा उजवा गुडघा मिलमध्येच कामातून गेलेला.

एक ऑटो आला. रामाजींनी हात केला. ऑटोवाल्याने पुलावर थांबत नाही अशी खूण केली आणि निघून गेला.

तेजरामने मान वर केली. "अरे ए भैताडा! म्हातारा माणूस उभा आहे दिसत नाई का तुले!"

"दिसते त्याले!" रामाजीही त्याच्या खांद्याला धरून ओरडले. "मुद्दाम जाऊन राहिला हरामखोर!"

ऑटोवाला मराठी नव्हता. त्याने एकदा मागे वळून पाहिलं, आणि वेग वाढवला. दोघे शिव्या देत, हळूहळू, पूल उतरायला लागले.